डिंकाचा लाडू कुणाचा, सव्वा महिना कुणाचा?

बाळंतिणीच्या आहारावर मराठीत कुणी बोलायला लागलं की पहिल्या वाक्यात "आपली परंपरा" येते. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, हाळीवाची खीर, खारीक-खोबरं, भाकरीवर साजूक तुपाची धार, रोजचं मालीश, बाजेखाली शेगडी आणि सव्वा महिना सक्तीची विश्रांती. मग डॉक्टर सांगतात की डाळ खा, अंडं खा, पाणी भरपूर प्या. लगेच परंपरा विरुद्ध विज्ञान असा सामना रंगतो आणि दोन्ही बाजूंचे लोक जेवून-खाऊन झोपी जातात.

मला या सामन्यात रस नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही "आपली" परंपरा नेमकी कुणाची?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन सत्तरीच्या पुढच्या बायांना विचारा. वाड्यातल्या बाळंतिणीची नाळ कुणी कापली, तिचा विटाळ कुणी काढला, तिला सव्वा महिना तेल लावून न्हाऊ कुणी घातलं? बहुतेक गावांत सुईण दलित वस्तीतून यायची, आमच्या भागात पुष्कळदा मातंग समाजातून. तिच्या हाताला जात नव्हती, कारण त्या कामाला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. मोबदला म्हणून पायली-दोन पायली धान्य आणि जुनं लुगडं. त्याच सुईणीची स्वतःची सून बाळंत झाली की आठ-दहा दिवसांत खुरपं घेऊन निंदायला जायची. सव्वा महिना दोघींच्याही कानावर होता. मिळाला एकीलाच. विश्रांती ही संस्कृती नव्हती, ती जमिनीच्या सातबाऱ्यावर मिळणारी सवलत होती. तिला "भारतीय परंपरा" म्हणून विकताना ज्यांच्या श्रमावर ती उभी राहिली त्यांना हिशेबातून वगळायचं, हा आजच्या सगळ्या "गर्भसंस्कारी" बाजाराचा धंदा आहे.

आता खाण्याचं बघू. आमच्या बायांकडे बाळंतिणीचा खुराक नव्हता असं अजिबात नाही. हुलग्याचं माडगं होतं, बाजरीची गरम भाकरी आणि गूळ होता, शेपूची भाजी होती. बकऱ्याच्या पायाचा रस्सा, काळीज, सुकट होती. वाळवलेल्या मांसाच्या चान्या होत्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे सगळं अन्न नोंदवून ठेवलंय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. पण आज बाळंतिणीच्या "पारंपरिक आहारा"च्या याद्यांमध्ये यातलं काय येतं? तूप येतं, बदाम येतात, शतावरी येते. काळीज येत नाही. सुकट येत नाही. लोह आणि प्रथिनं स्वस्तात देणारं जे काही आमच्या ताटात होतं, ते "तामसी" ठरवून यादीबाहेर काढलं आणि आमच्या पोरींनीही ते लाजून सोडलं.

इथे काही बांधव मला महाडची आठवण करून देतील. १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं होतं, बरोबर. ते गावकीच्या लाचारीविरुद्ध होतं, प्रथिनांविरुद्ध नव्हतं. मृत जनावर ओढण्याच्या कामाशी बांधलेलं ते खाणं सोडणं म्हणजे स्वाभिमान. त्याचा अर्थ ओल्या बाळंतिणीला वरणाच्या पाण्यावर ठेवा असा कुणी काढत असेल तर तो बाबासाहेबांचा नाही, कीर्तनकाराचा विचार आहे. आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली तेव्हा गरिबाचं स्वस्त मांस कायद्यानेच ताटातून गेलं. बकऱ्याचं मटण किलोला सातशे-आठशे रुपये झालंय. ते वस्तीतल्या बाळंतिणीसाठी आठवड्यातून किती वेळा येणार?

तरीही लाडू अंधश्रद्धा आहे म्हणून फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. डिंकाच्या लाडवात तूप आहे, खोबरं आहे, गूळ आहे, म्हणजे भरपूर उष्मांक आहेत. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० किलोकॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. लाडू उष्मांकांची बाजू सांभाळतो, प्रथिनांची फारशी नाही. परवडत असेल तर खा. परवडत नसेल तर ५० ग्रॅम शेंगदाणे, गुळाचा मोठा खडा, एक अंडं आणि नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त, एवढ्यात ही जादा गरज भागते. हाळीव मूठभर लागतो आणि महागही नाही. हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. पण हे सांगणारी एकही रील तुम्हाला दिसणार नाही, कारण शेंगदाण्याच्या पुडीवर कुणाचा ब्रँड छापलेला नसतो.

खरी अडचण त्या एका अंड्याची नाही, बसून खायला मिळणाऱ्या दिवसांची आहे. आणि इथे परंपरेचा विषय संपून राज्याचा विषय सुरू होतो.

जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकानेही त्यातला वाटा दिला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. म्हणजे शंभर वर्षं होत आली. बाबासाहेबांनी बाळंतिणीची विश्रांती सासूच्या मर्जीतून काढून हक्काच्या यादीत आणली होती. आपण ती परत सासूच्या आणि बाजाराच्या हवाली केली.

आजचा हिशेब बघा. नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, तिसऱ्यालाही १२ आठवडे आहे. असायलाच हवी, माझी तक्रार तिच्याविषयी नाही. पण जाफराबादकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचं क्रॉसिंग करणारी, परतूर-मंठ्यात कापूस वेचणारी, जालन्यात बांधकामावर घमेलं उचलणारी बाई? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळतील. कायद्यात "प्रत्येक" आहे. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली आणि "प्रत्येक"चं "पहिलं मूल" झालं, सहाचे पाच हजार झाले. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून धरा, सरासरी सहा हजार पडतात, असं उत्तर दिलं गेलं. पुढे दुसऱ्या अपत्यासाठी ६,००० जोडले, पण ती मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झाला तर आईचं रक्त कमी सांडतं का? तिसरं बाळंतपण झालेल्या बाईला भूक लागत नाही का? ऑफिसातल्या तिसऱ्या बाळंतपणाला १२ आठवडे आणि शेतातल्या तिसऱ्या बाळंतपणाला शून्य, ही विषमता कुठल्याच व्यासपीठावर मी ऐकलेली नाही.

पाच हजारांना सहा महिन्यांनी भागलं तर दिवसाला अठ्ठावीस रुपये. तीनशे रुपये रोजाने ती सोळा-सतरा दिवसांची मजुरी होते. सव्वा महिनासुद्धा भरत नाही. तेही पैसे हप्त्याने, आधार आणि बँक खातं जुळलं तर. मला भेटलेल्या अनेक बायांचं बाळ रांगायला लागतं तेव्हा दुसरा हप्ता येतो.

अंगणवाडीचा घरपोच आहार हा दुसरा आधार. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी त्याचा दर २०१७ मध्ये दिवसाला ९ रुपये ५० पैसे ठरला. त्या पैशात पाकिटातलं प्रिमिक्स येतं. ते चवीला लागत नाही म्हणून कित्येक घरांत शेळीपुढे जातं, आणि मग साहेब लोक म्हणतात की या बायांना पोषणाची जाणीव नाही. राज्याला गरम ताट देता येत नाही असंही नाही. आदिवासी क्षेत्रात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत मिळतं, त्यात अंडं किंवा केळी असतात. त्या योजनेच्याही तक्रारी आहेत. पण जालना अनुसूचित क्षेत्रात येत नाही म्हणून इथल्या भूमिहीन बाईला तेवढंही नाही. भूक नकाशा बघून लागते का?

सगळ्यात वाईट अवस्था कोयत्याची. दसरा-दिवाळीनंतर जालन्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून जोडपी ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकलं की खाडा कापला जातो. पोटुशी गेलेली बाई फडाजवळच्या कोपीत बाळंत होते आणि काही दिवसांत मोळ्या वाहायला उभी राहते. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, चौकशी समिती बसली. गर्भाशय काढण्यापर्यंत वेळ का येते याचं एक उत्तर कच्च्या बाळंतपणात उचललेल्या त्या ओझ्यात आहे, असं मला अनेक बायांशी बोलून वाटतं. स्थलांतरितांच्या नोंदीची यंत्रणा सरकारकडे कागदावर आहे. फडावर आहार पोचला का, हे विचारायला कुणी जात नाही.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, त्यामुळे थोडं घरातही बघू. आपल्याकडे सात फेब्रुवारीला रमाई जयंती जोरात होते. त्यागमूर्ती म्हणून भाषणं होतात. रमाईंची पाचपैकी चार लेकरं गेली, एकटे यशवंत जगले. त्या स्वतः १९३५ मध्ये ऐन तारुण्यात गेल्या. आपण त्याला त्याग म्हणतो, मी त्याला दारिद्र्याने घेतलेले बळी म्हणते. आणि हार घालून घरी गेलेला कार्यकर्ता आपल्या बाळंत बायकोला सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवताना बघतो, तेव्हा त्याला काही खटकत नाही. तेवीस वर्षं झाली आईबाबांना धम्म स्वीकारून, पण पाचवीला सटवाईची पूजा होतेच. बाळाचं नशीब लिहायला तिला कोरा कागद आणि पेन ठेवतात. बाळंतिणीला मात्र पाणी जास्त पिऊ नको, डाळ खाऊ नको, बाळाला बाधतं म्हणून सांगतात. दूध पाण्यानेच येतं आणि डाळीने आईची झीज भरते. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते, ती "गरम पडते" म्हणून खिडकीत पडून राहते. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत घ्यायची नाही, हे तर कुणी सांगतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयी निघाल्या आहेत. त्यात आपल्या घरातल्या किती, हे आपणच मोजायला हवं.

"हा महिला आघाडीचा विषय आहे" असं म्हणून फाईल सरकवणाऱ्या भावांना एवढंच सांगते की १९२८ ला सभागृहात उभा राहिलेला माणूस महिला आघाडीचा नव्हता.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सहा हजार प्रत्येक बाळंतपणाला, क्रमांक आणि मुलगा-मुलगी न बघता, आणि २०१३ पासून गोठलेली ती रक्कम महागाईला जोडून. अमृत आहाराचं गरम ताट अंड्यासकट जालन्याच्या प्रत्येक अंगणवाडीत. फडावर जाणाऱ्या बाईचा आहार आणि हप्ता तिच्यामागे साखर कारखान्यापर्यंत.

ज्यांना सोबत यायचंय त्यांनी पुढच्या ग्रामसभेच्या आधी आपल्या गावातल्या गेल्या वर्षभरातल्या बाळंतिणींची यादी करा. कितवं बाळंतपण, मातृ वंदनेचे किती हप्ते मिळाले, पाकिटं किती आली, कितव्या दिवशी कामावर गेली. एवढे चार रकाने पुरे. यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात नोंदवून घ्या आणि एक प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या. आम्ही आमच्या दोन गावांची यादी सुरू केली आहे. २७ मे रोजी, रमाईंच्या स्मृतिदिनी, सगळ्या याद्या एकत्र करून जालन्यात जिल्हा परिषदेवर घेऊन जाऊ.

जय भीम.