आम्हाला तर काही ऐकू येत नाही!

डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितलं आणि आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ती चालवू नका म्हणून बजावलं. दोघांचाही मान राखायचा तर एकच उपाय होता. चिरंजीवांनी २०२०च्या टाळेबंदीत मोठ्या हौसेनं घेतलेलं आणि टाळेबंदी उठताच माळ्यावर टाकलेलं यंत्र मी खाली काढलं. त्याला ट्रेनर म्हणतात. म्हणजे एक लोखंडी घोडी. तीत सायकलचं मागचं चाक आवळायचं, चाकाला एक रूळ टेकवायचा, रुळाला चुंबकाचा अडसर आणि एक जड फ्लायव्हील. मग जीव तोडून पेडल मारा, डोंबिवलीच्या बाहेर पडण्याची भीती नाही. बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला यात नवीन काहीच वाटत नाही. प्रमोशनच्या बाबतीत आम्ही हेच करत आलो आहोत.

रोज पहाटे पाच चाळीसला, हॉलच्या मधोमध, पंख्याखाली मी घोडीवर बसू लागलो. आवाजाचं म्हणाल तर एक बारीकसा ‘घूंऽऽ’. हिचं म्हणणं, माझ्या घोरण्यापेक्षा बरा. दीड महिना असा सुखात गेला आणि एके दिवशी खालचे काका जिन्यात भेटले. काका लोकलचे निवृत्त मोटरमन.

“तुमची पाच चाळीसची रोज अगदी वेळेवर असते हं,” ते म्हणाले.

“कुठली?”

“आमच्या डोक्यावरून जाते ती. फक्त चाकाला कुठंतरी चपटा भाग आहे. सेकंदाला चार ठोके पडतात.”

आणि मी ते वाक्य बोललो. ज्याच्याविरुद्ध हा सगळा लेख आहे, तेच. म्हणालो, “काय सांगता काका! आम्हाला तर काही ऐकू येत नाही.”

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तमाम जनतेचं हे राष्ट्रगीत आहे. खुर्च्या ओढणारे ते म्हणतात, दोरीवरच्या उड्या मारणारे म्हणतात, रात्री अकराला खलबत्त्यात वेलदोडे कुटणाऱ्या माउल्या म्हणतात. आणि यातली खरी गोम अशी की कुणीही खोटं बोलत नसतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. प्रामाणिक माणसाचं काय करणार?

सोसायटीचे सेक्रेटरी त्याहून प्रामाणिक. मोबाइलमध्ये आवाज मोजायचं काहीतरी उतरवून ते आमच्या हॉलमध्ये आले. म्हणाले, “२०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुमचे बावन्न भरतायत. चालू द्या.” पहाटे पाच चाळीस ही वेळ त्याच नियमांप्रमाणे रात्रीत मोडते, कारण त्यांचा दिवस सहाला उजाडतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या तर सोयीनंच आलं नाही. डेसिबल हे चक्रवाढ व्याजाचं भावंड आहे, तीन वाढले की ऊर्जा दुप्पट, हे मात्र मी कॉमर्सचा असल्यामुळे लगेच त्यांना समजावून सांगितलं.

पण अहो, मुळात मोजलं कुठं? माझ्या हॉलमध्ये! मोबाइल हवेतला आवाज मोजतो. घोडीच्या पायांतून निघालेला हादरा हवेच्या वाटेला जातच नाही. तो सरळ फरशीत उतरतो, स्लॅबमधून भिंतींत शिरतो आणि खालच्या छतातून घुमत बाहेर पडतो. शिवाय नियमांतलं माप माणसाच्या कानाला धरून असल्यामुळे खालच्या पट्टीतल्या घुमण्याला ते कमीच मार्क देतं. दुहेरी नोंदीच्या हिशेबातलं हे पहिलं तत्त्व. माझ्या नावे पडलेली रक्कम कुणाच्या तरी खात्यात जमा झालेली असतेच, आणि मी पासबुक बघत होतो फक्त माझं.

शेवटी चिरंजीवांना घोडीवर बसवलं आणि मी खाली गेलो. काकांनी मला आतल्या खोलीत दिवाणावर आडवं व्हायला लावलं. वर पाहिलं तर पंख्याचा दांडा थरथरत होता. मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. आणि छातीत, हो, कानात नव्हे, छातीत घरघर. त्यावर ठोके, ठक-ठक-ठक-ठक. काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रात्रभर कूस बदलता येत नाही, पहाटे पाचच्या सुमारास कुठं डोळा लागतो. दीड महिना त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. “आधी वाटलं, लिफ्टची मोटर असेल,” काकू म्हणाल्या. हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

यावर लोक पहिला उपाय करतात तो मीही केला. घोडीखाली जुनी गादी टाकली. काही उपयोग नाही! मऊ कापूस वजनाखाली पार बसतो, आणि एकदा तो बसला की नसल्यासारखाच. वर घोडी डुगडुगायला लागली ती वेगळीच. हवं ते घट्ट रबर, थोडं दबणारं पण सपाट न होणारं. त्याच्यावर जाड प्लायवुडची फळी आणि फळीवर घोडी. चारही पाय नीट टेकलेले, कारण एक अधांतरी असला तर तोच तबला वाजवतो. हॉलचा मध्य सोडून घोडी कोपऱ्यात, कॉलमला लागून नेली. स्लॅब मधे जास्त हलतो, आधाराजवळ कमी. एवढी साधी गोष्ट कळायला मला काकांच्या दिवाणावर झोपावं लागलं.

काकांचं निदानही खरं ठरलं. हवा गेलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टायरला चपटा भाग पडला होता. चाकाची एक फेरी साधारण दोन मीटरची. ताशी तीस किलोमीटरचा वेग धरला तर सेकंदाला चार फेऱ्या, म्हणजे चार ठोके. मोटरमनचा कान! तो नक्षीदार टायर काढून गुळगुळीत टायर घातला, तसा घूंकारही उतरला. साखळीला तेल दिलं. सगळ्यात चिवट खुळखुळ कशाची निघाली माहीत आहे? हँडलवरच्या घंटीची. बंद खोलीत, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलला मी दीड महिना घंटी ठेवली होती.

चिरंजीव म्हणतात, मागचं चाकच काढून साखळी थेट यंत्राला जोडायची असा नवा ट्रेनर घ्या, टायरचा प्रश्नच मिटतो. मिटतो, कबूल. पण साखळी राहते, फ्लायव्हील राहतं आणि पाय दाबणारा मी राहतोच. दुकानदार ‘एकदम सायलेंट’ म्हणतो तेव्हा तो दुकानात तळमजल्यावर उभा असतो. त्याच्या खाली कोण झोपलंय?

सगळ्यात स्वस्त उपाय मी सगळ्यात शेवटी केला. पाच चाळीसची रद्द करून संध्याकाळी सातची सुरू केली.

पुढच्या रविवारी सायंकाळी पुन्हा चाचणी झाली. मी दिवाणावर, चिरंजीव वर घोडीवर. पेले गप्प होते. काकू खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. मी विजयी मुद्रेनं उठणार, तेवढ्यात छतातून एक जाड, संथ घरघर सुरू झाली आणि पेले पुन्हा बोलू लागले.

“ही तुमची सायकल नाही,” काका डोळे मिटून म्हणाले. “ही मालगाडी आहे.”

ती आमची घरघंटी होती. ज्वारी दळायला लावली होती. ते यंत्र हिचं आहे. मी वर जाऊन विषय काढला, तर म्हणाली, “अहो, मला तर काही ऐकू येत नाही.”