डार्विनला वगळून काय साधले?

करोनानंतर मुलांचे ओझे कमी करायचे म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. २०२३ साली १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेध केला. कतारमध्ये दोह्याला सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. तेथील आपल्या मुलांच्या दप्तरातूनही डार्विन गेला. बारावीत आहे म्हणतात, पण जीवशास्त्र घेणाऱ्यालाच!

आपल्यातील काही बांधव यावर खूष आहेत. त्यांना विचारतो: बेरेशीथमध्ये सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळाने मोजले? निर्मितीची कथा सगळी शब्दशः घेऊ नये, हे रामबामने बाराव्या शतकातच लिहिले. तो काय नास्तिक होता?

दोह्यातील पालकांनो, थोरल्या मुलाचे जुने पुस्तक रद्दीत घालू नका. धाकट्याला लागेल.