उतार पूर्ण उतरा

पेरूच्या सहलींची पत्रके साधारण एकाच साच्यातली असतात. लिमाला उतरायचे, विमानाने कुस्कोला जायचे, आगगाडीने माचू पिचू गाठायचे, मग पुन्हा विमान आणि शेवटी ॲमेझॉनच्या वर्षावनात दोन रात्री. ज्यांना चालायचे आहे त्यांच्यासाठी आगगाडीऐवजी चार दिवसांचा इंका ट्रेल. जंगल मात्र दोन्ही पत्रकांत शेवटी, उरल्यासुरल्या दिवसांत बसवलेले. कुस्कोहून पोर्तो माल्दोनादोला विमान तासाभरात पोचते, म्हणून ते सोयीचे वाटते. पण त्या तासात आपण ज्याच्यावरून उडून जातो, तो अँडीजचा पूर्व उतार हाच या देशाचा सगळ्यात श्रीमंत भाग आहे.

माझे मत स्पष्ट आहे. डोंगरातले अवशेष आणि जंगलातले प्राणी अशा दोन सहली जोडून पेरू कळत नाही. तो एकच उतार आहे आणि तो वरून खाली, सलग, जमिनीवरून उतरायला हवा. दिवस कमी पडत असतील तर लिमा गाळा, टिटिकाका सरोवर गाळा. उतार गाळू नका.

इंका ट्रेल स्वतःच हे शिकवतो. वाट ‘किलोमीटर ८२’ या ठिकाणी उरुबांबा नदीकाठी सुरू होते. तिथे निवडुंग आहेत, कोरडी हवा आहे. दुसऱ्या दिवशी ४,२१५ मीटरवरची वार्मिवान्युस्का खिंड ओलांडायची असते. कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त उंची. झाडे मागे पडलेली, फक्त गवत आणि वारा. सह्याद्रीत दिवसभर चढउतार करणारे भक्कम ट्रेकरही इथे दहा पावलांवर थांबतात, कारण प्रश्न पायांचा नसून हवेचा असतो. म्हणूनच आधी कुस्कोत, म्हणजे ३,४०० मीटरवर, दोन-तीन दिवस शांतपणे राहायचे, कोकाच्या पानांचा चहा प्यायचा आणि घाई करायची नाही. खिंडीनंतर मात्र वाट हळूहळू ओली होत जाते. दगडी पायऱ्यांवर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड, दुपारी दरीतून वर येणारे ढग. सायाकमार्का, फुयुपातामार्का, विनाय वायना हे एकेक अवशेष लागत जातात आणि प्रत्येक ठिकाणी रान आणखी दाट झालेले असते. चौथ्या दिवशी इंती पुंकूवरून, म्हणजे सूर्यदरवाजातून, माचू पिचू दिसते तेव्हा आपण मेघारण्यात पोचलेलो असतो.

माचू पिचूला डोंगरावरचे शहर म्हणतात, पण त्याची उंची सुमारे २,४३० मीटर आहे, कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर कमी. ते डोंगर आणि जंगल यांच्या शिवेवर बसले आहे. युनेस्कोने १९८३ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवले तेही सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर. भिंतींभोवतालचा ३२ हजार हेक्टरांहून मोठा परिसर त्या वारशाचाच भाग आहे आणि त्यात चष्मेवाले अस्वल राहते. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात, तीव्र उतारावर, पाचशेहून अधिक वर्षे हे दगड टिकले याचे कारण जमिनीखाली आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, मग माती, असे थर घालून पाणी मुरवून बाहेर काढलेले आहे. झऱ्याचे पाणी सुमारे ७५० मीटर लांबीच्या कालव्याने आणून एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून खेळवले आहे. गडावर गेल्यावर आधी टाकी शोधणाऱ्या आपल्या लोकांनी मंदिरांआधी ही कुंडे पाहावीत.

या शहराची कीर्ती जगभर झाली ती अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम यांच्यामुळे. २४ जुलै १९११ रोजी ते वर पोचले. त्यांना वाट दाखवणारे होते तिथलेच शेतकरी मेल्चोर आर्तेआगा, आणि वर शेतकरी कुटुंबे त्या पायऱ्यांवर पीक घेत होती. बिंगहॅम शोधत होते विल्काबांबा, इंकांची शेवटची राजधानी. स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला १५३६ मध्ये घातलेला वेढा फसल्यानंतर इंका राजा मांको स्पॅनिश सैन्यापासून दूर, पूर्वेकडच्या रानात गेला. तिथे इंकांचे छोटे राज्य १५७२ पर्यंत टिकले. त्या वर्षी शेवटचा इंका राजा तुपाक आमारू पकडला गेला आणि कुस्कोत त्याला मारले. बिंगहॅम यांना वाटले की माचू पिचू हीच ती राजधानी. खरे तर त्याच १९११ साली ते एस्पिरितू पांपा नावाच्या जागीही गेले होते. तिथल्या झाडीत बुडालेल्या भिंती त्यांनी पाहिल्या आणि एवढ्या खाली, एवढ्या दमट रानात इंका राजधानी असेल हे त्यांच्या मनाला पटले नाही. जीन सॅव्हॉय यांनी १९६४ मध्ये तिथे जाऊन दाखवून दिले की खरे विल्काबांबा तेच.

बिंगहॅम यांच्या मनातली ती रेषा, वर संस्कृती आणि खाली रान, आजच्या सहलपत्रकांत तशीच उतरली आहे. इंकांच्या मनात ती तशी नव्हती. त्यांच्या साम्राज्याच्या चार भागांपैकी एक होता अंतिसुयू, पूर्वेकडचा वनप्रदेश. कोकाची पाने तिकडून यायची, हत्यारांसाठी चोंता ताडाचे कठीण लाकूड यायचे, पिसे यायची. पिसांचा व्यापार तर इंकांच्याही कितीतरी आधीचा. वारी संस्कृतीच्या लोकांनी निळ्या-पिवळ्या मॅकॉच्या पिसांनी मढवलेली मोठाली वस्त्रे पेरूच्या दक्षिण भागात, समुद्राकडच्या कोरड्या मुलखात सापडली आहेत. जंगलातला पक्षी अँडीज ओलांडून पलीकडे पोचत होता, त्याअर्थी वाटा होत्या, माणसे ये-जा करत होती. त्या वाटांचे खालचे टोक न पाहता वरचे दगड पाहणे मला अर्धवट वाटते.

मग जायचे कसे? इंका ट्रेलवरून कुस्कोला परत यावे आणि मानूचा रस्ता धरावा. हा गाडीरस्ता पाउकारतांबो गावावरून जातो. वाटेत निनामार्का येथे इंकांच्या आधीच्या लोकांचे दगडी समाधीमनोरे उघड्या माळावर उभे आहेत. पुढे अकहानाको खिंड लागते आणि तिथून जमीन अक्षरशः खाली कोसळते. एका दिवसात तुम्ही गवताळ माळ, खुरट्या झाडांचे रान, शेवाळलेले मेघारण्य आणि नेचांची उंच झाडे यांतून उतरता. अंगावरचा एकेक कपडा काढत जावा लागतो. वाटेवरच्या वनकुटीत मुक्काम केला तर पहाटे तुन्की पाहायला मिळतो. पेरूचा हा राष्ट्रीय पक्षी नारिंगी-तांबड्या रंगाचा असतो. ठरलेल्या झाडांवर अनेक नर एकत्र जमून मान हलवतात, ओरडतात, आणि मादी दूर बसून निवड करते. विमानाने गेलेल्या प्रवाशाला तुन्की दिसत नाही, कारण तो पक्षी पोर्तो माल्दोनादोच्या सपाट जंगलात राहतच नाही.

इथला प्रत्येक पक्षी उताराचा आपापला पट्टा धरून असतो. जॉन टेरबर्घ यांनी विल्काबांबाच्याच डोंगररांगेत हे पट्टे नोंदवले आणि पुढे मानूतल्या कोचा काशू संशोधन केंद्रात अनेक दशके काम केले. मानू राष्ट्रीय उद्यान १९७३ मध्ये स्थापन झाले. ते पुणे जिल्ह्याहून मोठे आहे आणि त्यात पक्ष्यांच्या हजारांहून अधिक जाती आहेत. सगळ्या भारतात मिळून तेराशेच्या वर. एका उद्यानात एवढी विविधता मावते ती उद्यान माळापासून थेट नदीकाठच्या वर्षावनापर्यंत उतरते म्हणून. याच उतारावर मोजलेल्या झाडांवरून असेही दिसले आहे की तापमान वाढते तशी झाडे पिढ्यान्‌पिढ्या वर सरकत आहेत. वरचा माळ नासवला किंवा खालचे रान तोडले तर मधल्याला सरकायला जागा उरत नाही.

अतालायाच्या धक्क्यावर रस्ता सोडून होडी घ्यावी लागते. इथून पुढे सगळे वाटाड्यावर अवलंबून असते. ताडोबात जीपमधून वाघ शोधण्याची सवय असलेल्यांना हे रान सुरुवातीला रिकामे वाटते. आवाज सगळीकडून येतात, दिसत काही नाही. चांगला वाटाड्या अशा वेळी पुढे पळवत नाही, बसवतो. नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेली नालाकृती सरोवरे इथे ‘कोचा’ म्हणून ओळखली जातात. त्यांत महाकाय पाणमांजरे राहतात, शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत लांब. प्रत्येकीच्या गळ्यावरचा पांढुरका डाग वेगळा असतो आणि त्यावरून त्या ओळखता येतात. ही सरोवरे इंजिनाशिवाय, वल्ही मारत पाहायची असतात. काही भाग होड्यांना बंद असतो, कारण पिल्ले असताना होडी जवळ गेली तर कुटुंब बिथरते. पर्यटक ‘अजून थोडे पुढे’ म्हणतो तेव्हा नाही म्हणणारा वाटाड्या मिळणे, हे मी कोणत्याही सुखसोयीच्या वर ठेवतो.

मॅकॉंच्या चाटणाचेही तसेच. पहाटे नदीकाठच्या मातीच्या दरडीसमोर आडोशाला बसायचे. आधी लहान पोपट येतात, मग मोठे मॅकॉ झाडांवर जमतात, बराच वेळ नुसते बघत राहतात आणि एखादा धीट खाली उतरला की बाकीचे उतरतात. ते माती खातात. पूर्वी समज होता की फळांतल्या विषावर हा उतारा असावा. डोनाल्ड ब्राइटस्मिथ यांच्या तांबोपाता नदीकाठच्या अभ्यासाने सोडियमकडे बोट दाखवले. समुद्रापासून इतक्या आत, सततच्या पावसाने धुतल्या जाणाऱ्या या रानात मीठ दुर्मीळ आहे आणि पक्षी नेमक्या खारट थराची माती निवडतात. आडोशाबाहेर एक माणूस उभा राहिला तर सगळा थवा उडतो आणि त्या दिवशीचे मीठ राहून जाते.

मानूच्या गाभ्यात पर्यटकांना प्रवेश नाही. तिथे माश्को पिरो लोक राहतात, ज्यांनी बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणे पसंत केले आहे. आपल्या अंगावरची साधी सर्दीही त्यांच्या वस्तीला मारक ठरू शकते. ‘आदिवासी दर्शन’ देऊ करणारा कोणीही भेटला तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

मर्यादा वरच्या टोकालाही आहेत आणि त्या मला मनापासून पटतात. इंका ट्रेलवर दिवसाला साधारण ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यांत हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे धरलेले असतात. परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. काठीच्या टोकाला रबर लावावे लागते. फेब्रुवारीभर वाट दुरुस्तीसाठी बंद असते. हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याला २० किलोंची कायदेशीर मर्यादा आहे आणि सुरुवातीच्या चौकीवर ते वजन केले जाते. हे हमाल बहुतेक कुस्कोभोवतीच्या डोंगराळ गावांतले केचुआ बोलणारे शेतकरी. तुमच्याआधी तळावर पोचून तंबू तेच उभारतात. सहल ठरवताना हॉटेलच्या ताऱ्यांआधी विचारा की हमालांना झोपायला कोरडा तंबू आहे का, पायांत बूट आहेत का, रोज किती मिळतो. जो आयोजक उत्तर देताना अडखळतो त्याला सोडा. पावसाळी सुट्टीच्या दिवशी आपल्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर होणारी कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रोजच्या आकड्याची सक्ती का हवी हे समजावून सांगावे लागू नये.

जंगलातही पैसा कुणाकडे जातो हे विचारायलाच हवे. तांबोपाता नदीवर ‘इन्फिएर्नो’ या एसे एहा लोकांच्या गावाने १९९६ मध्ये एका कंपनीशी करार केला. पोसादा अमासोनास ही वनकुटी उभी राहिली आणि नफ्यातला ६० टक्के वाटा गावाचा ठरला. ज्या झाडावर हार्पी गरुडाचे घरटे आहे ते उभे ठेवण्यात तेव्हापासून गावाचा रोख फायदा आहे. मानूत मात्सिगेंका लोकांनी चालवलेली वनकुटीही आहे. ब्राझील नट गोळा करणारी कुटुंबे त्याच बाजूची. ते झाड एकटे फळत नाही. परागीकरणाला रानातल्या मोठ्या मधमाश्या लागतात आणि कठीण फळ फोडून बिया पुरायला अगुती नावाचा उंदीरवर्गीय प्राणी लागतो. रान शाबूत राहिले तरच उत्पन्न.

समोरच्या बाजूला सोने आहे. याच माद्रे दे दिओस प्रांतात महामार्गालगत ला पांपा येथे बेकायदा खाणींनी हजारो हेक्टर रान उपसले, सोने वेगळे करायला वापरलेला पारा नद्यांत आणि माशांत उतरला. २०१९ मध्ये सरकारने सैन्य पाठवून ला पांपा रिकामे केले, तरी खाणकाम आजूबाजूला पसरत राहिले. पोर्तो माल्दोनादोला जाणाऱ्या विमानातून हिरव्या रानातली पिवळट डबक्यांची ती रांग दिसते. भारत अलीकडच्या वर्षांत पेरूकडून जे विकत घेतो त्यात सगळ्यात मोठा वाटा सोन्याचा आहे. त्यातले कोणते कुठल्या खाणीतून आले हे आपल्या सराफाच्या दुकानात कळत नाही. अक्षय्य तृतीयेला ग्राम-दोन ग्राम घेणाऱ्या माणसाने इतके तरी विचारायला सुरुवात करावी असे मला फार वाटते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काळ सोयीचा आहे. अँडीजमध्ये कोरडा ऋतू साधारण मेपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी त्याच्या सुरुवातीला येते. ट्रेलचे परवाने या महिन्यांसाठी कित्येक महिने आधी संपतात, तेव्हा दिवाळीतच ठरवावे. जंगलासाठीही एक उबदार जाकीट ठेवा. मे ते ऑगस्टच्या दरम्यान दक्षिणेकडून ‘फ्रियाहे’ नावाची थंड लाट येते आणि वर्षावनात अचानक हुडहुडी भरते. कुस्कोत तीन दिवस, ट्रेलवर चार, मग एक दिवस विश्रांती आणि मानूच्या रस्त्याने उतरून नदीवर किमान सहा. पंधरवड्यात बसते. परतीला हवे तर विमान घ्या.

– वाटसरू