बाटलीतल्या गुणावर विसंबू नका



दर शुक्रवारी आमच्या टोरांटोच्या घरी आजही काळ्या मनुका भिजवून, कुसकरून किद्दुशचं शरबत करतात. मला मधुमेह आहे, म्हणून मी घोटभरच घेतो. तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्याने द्राक्षांच्या बियांच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या. म्हणाला, "मनुकांचा सगळा गुण आहे, साखर नाही. बारीक रक्तवाहिन्या मजबूत होतात." मी रोज एक गोळी घेऊ लागलो आणि डोळ्यांची तपासणी 'पुढच्या महिन्यात' म्हणत वर्षभर टाळली. शेवटी गेलो, तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. गोळीने मला अपाय केला असं मी म्हणत नाही. तिच्या भरवशावर मी गाफील राहिलो, ही माझी चूक.

या गोळ्यांतल्या द्रव्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात. संत्र्यात, कांद्यात, चहात, कोकोत ती असतातच. काही छोट्या प्रयोगांत त्यांनी रक्तवाहिन्या थोड्या सैल झाल्याचं दिसलं आहे. पण मधुमेह्याचे डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा त्यांनी वाचतात, हे मोठ्या आणि दीर्घकाळच्या पाहणीतून सिद्ध झालेलं नाही.

जे सिद्ध झालं, त्यात कॅनडाचाही वाटा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 1,441 टाइप-1 मधुमेह्यांवर झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष 1993 मध्ये आला: साखर काटेकोर ताब्यात ठेवली, तर डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी होतो. आपल्यासारख्यांना उतारवयात होतो त्या टाइप-2 वरची ब्रिटनमधली पाहणी 1998 ची. तिथेही साखर ताब्यात ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी घटले. त्याच पाहणीत रक्तदाब ताब्यात ठेवण्याचाही फायदा दिसला.

"फळातलंच आहे, अपाय काय होणार?" असं आपण सहज म्हणतो. ओन्टारियोतल्या लंडन शहरात डॉ. डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपिन या गोळीवर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. 1989 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. आपलं पपनसही त्याच कुळातलं. जिन्को या झाडाच्या अर्काने तर रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला रक्तस्राव होण्याची भीती असते.

बाटलीवर एन.पी.एन. हा आठ अंकी क्रमांक असला, की हेल्थ कॅनडाने ती विकायला परवानगी दिली आहे एवढंच कळतं. तुमचे डोळे वाचतील, अशी हमी त्यात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या गोळ्यांवर घालायचे पैसे चांगल्या भाजीवर, फळांवर आणि पायाला नीट बसणाऱ्या बुटांवर घाला. गोळी घ्यायचीच असेल, तर बाटली फार्मासिस्टला दाखवा. तो फी घेत नाही. आणि वर्षातून एकदा तीन गोष्टी चुकवू नका: थेंब घालून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, आणि मोजे काढून डॉक्टरांना पाय दाखवणं. ओन्टारियोत मधुमेह्याच्या डोळ्यांच्या वार्षिक तपासणीचा खर्च ओहिप देतं. पायांची आग होत असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-12 ही तपासायला सांगा.

लाज वाटून मी ही हकिकत कुणाला सांगितली नव्हती. आता लेसर उपचार झाले आहेत आणि सिद्दूरची मोठी अक्षरं मला वाचता येतात. तुमची तारीख पुढे ढकललेली असेल, तर उद्या सकाळीच फोन करा.