आवाज येतो, शब्द येत नाही

दिवाळीच्या खरेदीत आपण कापड चिमटीत धरून पाहतो, तांदळाचा दाणा दाताखाली चावून पाहतो, अत्तर मनगटाला लावून हुंगतो. टीव्ही मात्र आपण नुसत्या डोळ्यांनी विकत घेतो. दुकानाच्या भिंतीवर दहा-पंधरा संच ओळीने लावलेले असतात, साऱ्यांवर तेच रंगीत पक्षी नि तेच धबधबे, आणि आवाज मुद्दाम बंद केलेला! पडदा किती इंची, चित्र किती लखलखीत, हप्ता किती बसेल, एवढे आपण कसून विचारतो. पण याचा स्पीकर कोठे बसवला आहे, हे विचारणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिलेले नाही.

मग संच घरी येतो आणि फराळाच्या ताटापाशी एक संवाद सुरू होतो. तो तुमच्याही घरी होत असेल. "काय म्हणाली ती?" "अहो, जरा आवाज वाढवा." "आता कमी करा, जाहिरात लागली!" या संवादात सगळा बोल येतो तो घरातल्या म्हाताऱ्या माणसावर. "आजीला हल्ली कमी ऐकू येतं," असे म्हणून बाकीची मंडळी मोकळी होतात. आज मला या आजीची वकिली करावयाची आहे.

माझी एक मावशी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याला असते. सती नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव; भोवती धानाची शेती आणि त्यापलीकडे जंगल. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे नाटकवेड्यांचा. दिवाळी झाली, धान घरात आले, की गावोगावी मंडप पडतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते. जवळच्या वडशाला नाट्यमंडळ्यांची कार्यालये थाटलेली आहेत, आणि ज्यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली ते झाडीपट्टीचे नामांकित नट परशुराम खुणे याच कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे. अशा मुलखात मावशीची उभी हयात गेली. अंगावर घोंगडी घेऊन रात्र-रात्र नाटके ऐकलेली ही बाई. 'ऐकलेली' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. दूर बसलेल्याला नटाचा चेहरा नीट दिसतोच असे नाही; पण शब्द मात्र ऐकू आला पाहिजे, नाही तर प्रेक्षक गप्प बसत नाहीत.

मावसभावाने वडशाहून त्रेचाळीस इंची नवा टीव्ही आणला. चित्र काय विचारता! पण महिन्याभरात असे झाले की, संध्याकाळी सारे घर मालिकेपुढे आणि मावशी एकटी ओसरीवर वाती वळीत बसलेली. मी गेलो तेव्हा विचारले, "मावशी, आत का नाही बसत?" ती म्हणाली, "आवाज तं येते गा, पर समजत नाई."

"तिचे कान गेले आता," भाऊ म्हणाला. मला ते पटेना. आम्ही दोघे आत हलक्या आवाजात घराच्या वाटणीविषयी बोललो, त्याचे उत्तर ओसरीवरून तत्काळ आले होते!

मावशीचे ते वाक्य मात्र कोणा ध्वनितज्ज्ञाने लिहून घ्यावे असे होते. आवाज येणे आणि शब्द समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेत आपण स्वर आणि व्यंजने शिकलो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. 'साप', 'शाप' आणि 'चाप' यांतला 'आ' एकच. तो मोठा करून काय उपयोग? फरक आहे तो स, श आणि च यांत. आणि ही व्यंजने स्वरांच्या मानाने फार क्षीण असतात. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी सेकंदाला शंभर-दीडशे कंपनांच्या आसपास असते, तर 'स'चा सुस्कारा चार हजार कंपनांच्याही वर असतो.

आता नव्या संचाची पाठ पाहा. पडद्याभोवती रिकामी चौकटसुद्धा नको, अशी सध्याची हौस. मग स्पीकरला जागा कोठली? बहुतेक संचांत तो खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे करून, किंवा मागे, तोंड भिंतीकडे करून बसवलेला असतो. शंभर कंपनांच्या आवाजाची लाट साडेतीन मीटरांच्या आसपास लांब असते. ती संचाला सहज वळसा घालून पुढे येते. चार हजार कंपनांची लाट मात्र जेमतेम साडेआठ सेंटिमीटरांची. तिला वळसा घालणे जमत नाही. ती भिंतीवर आपटते, फरशीवर आपटते आणि फुटून-विखरून आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणजे जे क्षीण, तेच वाटेत सांडते.

खालच्या पट्टीची कथा निराळी. डग्ग्याचा घुमार वाटीवर कातडे ताणून निघत नाही. त्याला पोट लागते. स्पीकरचेही तसेच आहे. आवाज एक सप्तक खाली आणून तितक्याच जोराने ऐकवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. बोटभर जाडीच्या संचात तो घ्यायचा कोठे? म्हणून भारदस्त आवाजाचा नट नव्या टीव्हीवर डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे दूरदर्शनचा पहिला कार्यक्रम दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे लाकडी सरकत्या दारांचे संच पुष्कळांना आठवत असतील. चित्रनळीसाठी हातभर खोल पेटी लागे, आणि त्या पेटीत स्पीकरला आयते पोट मिळे. शिवाय त्याचे तोंड पडद्याशेजारी, प्रेक्षकांकडे असे. चित्रात मुंग्या येत, पण बातमीतला शब्द स्वच्छ लागे. चित्रनळी गेली, पेटी गेली आणि पेटीबरोबर आवाजाचे पोटही गेले. चित्र सुधारले त्याची किंमत कानांनी मोजली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वय वाढले की कानाला वरच्या पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. म्हणजे जे संच गाळतो, तेच कानही थोडे गाळतो. तरुण कान गाळलेला शब्द अंदाजाने भरून काढतो. म्हाताऱ्याला ते जमत नाही. तेव्हा समोरासमोर, शांत खोलीत बोललेलेही समजत नसेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे, त्यात लाज नाही. पण समोरचे समजते आणि टीव्हीवरचे समजत नाही, असे असेल तर आधी संचावर संशय घ्यावा.

कुरखेड्याला आम्ही तेच केले. टीव्हीखाली मावशीच्या सुनेने विणलेला जाड रुमाल होता आणि पुढे गणपती, फुलदाणी, लग्नातला फोटो. त्या संचाचा स्पीकर खाली तोंड करून. म्हणजे आवाज रुमालात मुरत होता आणि उरलेला फोटोवर अडत होता! रुमाल काढला, देवाची जागा बदलली. संचात 'सिनेमा' असा आवाजाचा प्रकार लावलेला होता, तो बदलून बोलण्यासाठी असलेला लावला. आवाज चहूकडून आल्याचा भास देणारी सोय बंद केली. निम्मे काम फुकटात झाले.

उरलेल्या निम्म्यासाठी माळ्यावरून भावाचा जुना टेपरेकॉर्डर उतरवला. त्याला लाकडी खोक्याचे दोन स्पीकर होते, आणि बाहेरून आवाज जोडायला भोकही. टीव्हीला हेडफोनचे भोक होतेच. दोहोंच्या मध्ये एक वायर घातली आणि ते स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, तोंड पुढे करून ठेवले. मावशीला आत बोलावले. पाच-सात मिनिटे ती काही बोलली नाही. मग मालिकेतल्या सासूला तिने एक सणसणीत झाडी शिवी हासडली. तिला शब्द समजले याचा याहून मोठा पुरावा काय हवा!

सारेच साधले असे नाही. पंखा भरधाव सुटला की अजूनही काही शब्द हरवतात, आणि मालिकेतले पार्श्वसंगीत ती "गोंधळ" या एका शब्दात निकालात काढते. पण आता ती आत बसते.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी खोकी नसतील त्यांनी साउंडबार घ्यायला हरकत नाही. तो पडद्यासमोर, तोंड आपल्याकडे करून ठेवावा. 'एचडीएमआय एआरसी' असे लिहिलेले भोक टीव्हीला आणि साउंडबारला, दोन्हीकडे असेल, तर एका वायरीत काम होते. घेताना दणका किती, हे न पाहता माणसाचे बोलणे कसे येते ते ऐकावे. खोलीत उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असेल तर एक जाड पडदा आणि एक सतरंजी घालावी; आवाजाचा घोळ कमी होतो. आजीची खुर्ची भिंतीशी असते, ती संचाजवळ आणावी. आवाज वाढवण्यापेक्षा अंतर कमी करणे केव्हाही चांगले.

आणि यंदा नवा संच घ्यायला निघालात तर दोन गोष्टी करा. दुकानदाराला बातम्या लावायला सांगा आणि दोन मिनिटे डोळे मिटून ऐका. दुसरी म्हणजे, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि त्याला विचारा, काय म्हणाला तो? त्याला सांगता आले तर खुशाल पैसे मोजा. नाही आले, तर पडदा चार इंचांनी लहान घ्या आणि वाचलेल्या पैशांचा स्पीकर घ्या. चार इंच कमी असल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण घरातले एक माणूस ओसरीवरून उठून आत येईल.