चित्रापुढचे मौन

चित्रकलेच्या वर्गात हाताला वळण लावण्याची साधना पुष्कळ होते. दृष्टीला वळण लावण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. विद्यार्थी रेखांकन करतो, रंग मिसळतो, परीक्षाही उत्तीर्ण होतो. पण समोरच्या चित्राविषयी चार वाक्ये बोल म्हटले, की ‘छान आहे’ यापलीकडे त्याची वाणी जात नाही. दोष त्याचा नाही. त्याला शब्दच कोणी दिलेले नसतात.

वस्तुतः हे शब्द आपल्या परंपरेत सिद्ध आहेत. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवनींद्रनाथ ठाकूर यांनी ती पुन्हा कलावंतांपुढे मांडली. मात्र ही नावे केवळ घोकून घेतली, तर पाठांतरात आणखी एका यादीची भर पडेल. चित्राला विचारावयाचे सहा प्रश्न म्हणून ती शिकवली पाहिजेत.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचे उदाहरण घ्यावे. भोवतालच्या आकृतींहून तो पुष्कळ मोठा रंगविला आहे. नवखा विद्यार्थी म्हणेल, प्रमाण चुकले. शिक्षकाने येथे उत्तर न देता पुढचा प्रश्न विचारावा : चित्रकाराने असे का केले असेल? मग मुलाची नजर झुकलेल्या नेत्रांकडे, हातातील कमळाकडे, देहाच्या डौलदार बाकाकडे वळते. आकाराचे हे मोठेपण त्या करुण, अंतर्मुख भावाला उठाव देते, हे त्याचे त्यालाच उमगते. आधी पाहणे, मग वर्णन, मग कारणमीमांसा आणि निर्णय सर्वांत शेवटी, हा क्रम असा अंगी बाणतो.

चिकित्सेने कोवळ्या मुलांचा उत्साह मावळेल, अशी शंका घेतली जाते. उत्साह खरोखर मावळतो तो कारणाविना मिळालेल्या शेऱ्याने. ‘जमले नाही’ ऐकून मूल खचते. ‘पार्श्वभूमीच्या गडद रंगात मुख्य आकृती हरवते’ असे सांगितले, तर त्याच्या हाताला पुढचे काम मिळते. हीच कसोटी उद्या त्याला स्वतःच्या चित्रालाही लावता आली पाहिजे, कारण शिक्षक जन्मभर पाठीशी उभा राहणार नाही.

यासाठी मोठा खर्च नको. आठवड्यातून एक तास कुंचला बाजूला ठेवून एकच चित्र सर्वांनी मिळून पाहावे. घरीही पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘हे चित्र पुन्हा काढलेस तर काय बदलशील?’ असे विचारावे. मुलाच्या उत्तरातून त्याची दृष्टी किती घडली, ते कळेल.