जमीन मिळाली, कारभाराचे काय?

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ॲसिंट भागातील शंभरएक कुळांनी १९९३ च्या फेब्रुवारीत आपल्या पायाखालची एकवीस हजार एकर जमीन सामुदायिक विश्वस्त निधीच्या नावे ३ लाख पौंडांना विकत घेतली. जमीन ज्या परदेशी कंपनीच्या मालकीची होती तिचे दिवाळे निघाले होते, आणि तिचे तुकडे पाडून ते चढ्या भावाने विकावेत असा अवसायकांचा बेत होता. कुळांनी तो हाणून पाडला. ही घटना समाजवाद्यांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे, आणि ती सांगितलीही जाते. परंतु सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. जमीन हाती आल्यावर त्या माणसांच्या हाती गावाचा कारभार आला काय, हा पुढचा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रश्नावर आहे.

तेथील परिस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. क्रॉफ्ट म्हणजे काही एकरांचा खंडाने धरलेला तुकडा. त्यावर घर, थोडे बटाटे, थोडे गवत. आणि त्याला जोडून डोंगरावरील सामाईक गायरानात ठरावीक गुरामेंढरांचा हक्क. केवळ या तुकड्यावर कोणाचे पोट भरत नाही, आणि ते भरू नये अशाच बेताने हे तुकडे पाडले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सुपीक खोऱ्यांतून माणसे हुसकून तेथे मेंढ्या आणल्या गेल्या. हुसकलेली माणसे खडकाळ किनाऱ्यावर बसवली गेली, म्हणजे मासेमारीला व समुद्रशेवाळ जाळण्याच्या धंद्याला स्वस्त मजूर मिळत राहावेत. सदरलंडच्या सरदार घराण्याने पंधरा हजार माणसे कशी उठवली आणि त्यांच्या जागी सव्वा लाखांवर मेंढ्या कशा चरू लागल्या, याची नोंद मार्क्सने 'भांडवला'च्या पहिल्या खंडात केली आहे. ॲसिंट हा त्याच सदरलंड परगण्याचा भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे १९९३ च्या खरेदीचे मोल कळते.

याच इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८४४ मध्ये लुइस हे मोठे बेट विकत घेणारे जेम्स मॅथेसन हे जार्डिन मॅथेसन पेढीचे भागीदार होते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठवून या पेढीने अमाप पैसा केला, आणि तिचे मुंबईतील भागीदार होते सर जमशेटजी जिजीभाई. आपल्या शहरातील कित्येक धर्मादाय संस्थांना ज्या व्यापाराने हातभार लावला, त्याच व्यापाराने स्टॉर्नोवे गावाशेजारी मॅथेसनसाहेबांचा किल्लेवजा वाडा उभारला. आणि त्याच मॅथेसन यांच्या अमदानीत, १८५० नंतरच्या काही वर्षांत, खंड थकलेल्या कुळांना कॅनडाच्या जहाजांवर चढवण्यात आले. भांडवलाला स्वदेश नसतो हे आपण नेहमी म्हणतो. येथे त्याचा पत्ता-ठिकाणा मिळतो.

कुळांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेज येथील कुळांनी पोलिसांना दगडांनी सामोरे जाऊन सरकारला चौकशी आयोग नेमावयास भाग पाडले. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. या उमरावाने एक धाडसी शिफारस केली: क्रॉफ्टरांच्या गावाला, म्हणजे गायरान सामाईकपणे वापरणाऱ्या समुदायाला, कायद्याने ओळख द्यावी. १८८४ च्या सुधारणेने मताधिकार मिळालेल्या कुळांनी १८८५ च्या निवडणुकीत आपले स्वतंत्र प्रतिनिधी पार्लमेंटात धाडले आणि १८८६ चा कायदा पदरात पाडून घेतला. कूळ काढता येणार नाही, खंड न्याय्य ठरेल, हक्क वारसाकडे जाईल, अशी मोलाची हमी त्या कायद्याने दिली. पण नेपियरची गावाला ओळख देण्याची शिफारस सरकारने बाजूला सारली. व्यक्तीला संरक्षण मिळाले. गाव कायद्याच्या दृष्टीने अनाथच राहिले. माझ्या मते आजच्या सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

१९२३ ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. लुइसचे तेव्हाचे मालक लॉर्ड लेव्हरह्यूम, म्हणजे आपल्या परिचयाच्या सनलाईट साबणाचे कारखानदार. बेटाला मासळीच्या उद्योगाचे केंद्र बनविण्याची त्यांची स्वप्ने होती. पण महायुद्धावरून परतलेल्या जवानांना साहेबांची नोकरी नको होती, सरकारने कबूल केलेली जमीन हवी होती. १९१९ च्या पहिल्याच दिवशी याच जवानांपैकी २०१ जण घरी परतताना बंदराच्या तोंडाशी 'आयोलेर' जहाज फुटून बुडाले होते. उरलेल्यांनी शेतांवर कबजा केला, वारंवार केला. अखेर कंटाळून लेव्हरह्यूम यांनी संपूर्ण बेट रहिवाशांना दान देऊ केले. स्टॉर्नोवे शहराने व आसपासच्या गावांनी ते स्वीकारले. त्यातून निर्वाचित विश्वस्तांचा स्टॉर्नोवे ट्रस्ट जन्मला, जो आज शंभर वर्षांनंतरही कारभार पाहतो. परंतु ग्रामीण भागातील कुळांनी हे दान नाकारले.

फुकट मिळणारी जमीन कुळांनी नाकारली, याचा काही अभ्यासक उपहास करतात. तो अन्यायकारक आहे. जमिनीवरील स्थानिक करांचा बोजा मालकाच्या माथी होता. मालक झालो तर तो आपल्या माथी येईल, आणि तो पेलण्याजोगे उत्पन्न मात्र कोठून येणार याचे उत्तर कोणापाशी नव्हते. गावाला ना कर बसविण्याचा अधिकार होता, ना कर्ज उभारण्याची पत. सत्तेवाचून आलेली मालकी ही जबाबदारीच तेवढी असते, हे त्या कुळांनी ओळखले होते. ती जमीन मग शिकारीच्या शौकिनांना विकली गेली.

१९७६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला आपला तुकडा वार्षिक खंडाच्या पंधरापटीत व्यक्तिशः विकत घेण्याचा हक्क दिला. कसेल त्याची जमीन या घोषणेत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे प्रागतिक वाटेल. पण ज्याने तुकडा विकत घेतला त्याच्या हाती विकण्याचाही हक्क आला. आज समुद्राचे दृश्य असलेल्या क्रॉफ्टवर सुट्टीचे बंगले उभे राहतात, कुळाचा हक्कसुद्धा मोठ्या रकमा घेऊन हस्तांतरित होतो, आणि गावातील तरुण जोडप्याला तो परवडत नाही. जमीनदाराला हटवून त्याच्या जागी बाजार बसविला तर कूळ पुन्हा हरते.

म्हणूनच सामुदायिक मालकीचा मार्ग अधिक सरस ठरला. १९९७ मध्ये एग या चिमुकल्या बेटाच्या रहिवाशांनी लहरी मालकांपासून आपली सुटका केली. त्या वेळी तेथे पासष्टच्या आसपास माणसे होती, आज शंभरावर आहेत. २००८ पासून वारा, पाणी व सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीज त्यांच्या घरांत चोवीस तास आहे. नव्याने स्थापन झालेल्या स्कॉटिश पार्लमेंटने २००३ मध्ये जमीनसुधारणा कायदा केला. त्यातील क्रॉफ्टर समुदायांविषयीचा भाग खरोखर क्रांतिकारक आहे: मालकाची इच्छा नसली तरी समुदायाला जमीन घेता येते, मात्र एकूण मतदारांचे बहुमत आणि क्रॉफ्टर कुळांचे स्वतंत्र बहुमत अशी दोन्ही लागतात. २००६ मध्ये साउथ यूइस्टची सुमारे ९३ हजार एकर जमीन समुदायाकडे आली. पश्चिम द्वीपसमूहातील निम्म्याहून अधिक जमीन आता लोकांच्या निधींकडे आहे.

कायदा कागदावर क्रांतिकारक असला तरी व्यवहारात काय होते, ते लुइसमधील पार्क या जहागिरीने दाखविले. समुदायाने २००४ मध्ये मतदान घेतले. मालकाने पवनचक्क्यांच्या उत्पन्नाचा मक्ता आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे वळविला, प्रकरण न्यायालयात गेले, २०१२ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला, आणि जमीन प्रत्यक्ष हाती आली ती २०१५ च्या अखेरीस. अकरा वर्षे! तीसुद्धा पैसे मोजून. बहुतेक खरेद्यांत सार्वजनिक पैसा जमीनदाराच्या खिशात जातो, याविषयी तेथील डाव्यांनी पुरेसा आवाज उठविलेला नाही, असे मला वाटते. शिवाय स्कॉटलंडची एकंदर जमीन पाहिली तर समुदायांच्या वाट्याला जेमतेम तीन टक्के आली आहे.

आता प्रतिनिधित्वाकडे वळू. ज्या काळात जमीन थोडीथोडी लोकांकडे सरकू लागली, त्याच शतकात स्थानिक कारभार लोकांपासून दूर नेण्यात आला. १९३० मध्ये पॅरिश कौन्सिले, म्हणजे तेथील ग्रामपंचायती, रद्द झाल्या. १९७५ मध्ये छोट्या शहरांच्या नगरपालिका व जुनी परगणा मंडळे गेली. १९९६ मध्ये मधला जिल्हास्तरही गेला आणि सातारा, सांगली व कोल्हापूर हे तीन जिल्हे एकत्र केले तर जेवढे क्षेत्र होईल जवळपास तेवढ्या मुलुखावर एकच हायलंड कौन्सिल उरले. ॲसिंटचा रस्ता, शाळा, बांधकाम परवाना यांचा निर्णय दीडशे किलोमीटरवरील इन्व्हर्नेसमध्ये होतो. सदरलंडच्या उत्तर, पश्चिम व मध्य भागाला मिळून तीन नगरसेवक. गावपातळीवर 'कम्युनिटी कौन्सिल' नावाची संस्था आहे. तिला मत देता येते, कर बसविता येत नाही. आणि ५० मेगावॅटवरील पवनऊर्जा प्रकल्पांना मंजुरी एडिंबरोतील मंत्री देतात.

परिणाम असा की, सामुदायिक जमीन निधी हेच पंचायतीचे काम करू लागले आहेत. घरे बांधतात, धक्के दुरुस्त करतात, दुकाने चालवितात. हे सारे विनावेतन संचालकांच्या खांद्यावर, जे दिवसा मासेमारी करतात आणि रात्री अनुदानाचे अर्ज भरतात. त्यांना पंचायतीची जबाबदारी आहे, पंचायतीचे अधिकार नाहीत.

निधी निर्वाचित असला म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. स्टॉर्नोवे ट्रस्टने मोठ्या पवनचक्क्यांसाठी फ्रान्सच्या सरकारी वीजकंपनीची भागीदारी असलेल्या कंपनीशी करार केला. त्याच गायरानावर चरण्याचा हक्क असलेल्या चार गावांनी म्हटले, पवनचक्क्या आम्हीच उभारतो, नफा बेटावर राहील. शेजारच्याच पॉइंट व सँडविकच्या समुदायाने तीन पवनचक्क्या स्वतः उभ्या करून हे शक्य असल्याचे दाखविलेही होते. परंतु लोकांनीच निवडलेल्या विश्वस्तांनी त्या गावांना विरोध केला, आणि कुळे विरुद्ध लोकनियुक्त मालक असा वाद भूमी न्यायालयापर्यंत गेला. विश्वस्त अप्रामाणिक होते असे मी म्हणत नाही. ट्रस्टच्या मतदारयादीत शहर मोठे आहे आणि गायरान वापरणारे थोडे. बहुमताने निवडलेला मालकही मालकासारखा वागू शकतो, एवढेच.

क्रॉफ्टिंग कमिशनचेही तेच. २०१२ पासून त्याचे सहा सदस्य क्रॉफ्टर स्वतः निवडतात; चांगली सुधारणा. पण २०१६ मध्ये याच कमिशनने लुइसमधील निर्वाचित गायरान समिती बरखास्त करून तेथे आपला अंमलदार बसविला. क्रॉफ्टरांनी गावोगाव रान उठविल्यावर कमिशनला माफी मागावी लागली.

तेथील समाजवाद्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांची मोहीम चालू ठेवताना तिच्या जोडीने पॅरिश कौन्सिलांच्या पुनःस्थापनेची मागणीही केली पाहिजे. त्यांना कर बसविण्याचा अधिकार हवा, घरबांधणीच्या परवानगीत निर्णायक मत हवे, आणि गायरान समितीच्या संमतीवाचून गायरानाचा मक्ता देता येणार नाही असे बंधन मालकावर हवे, मग तो मालक सरदार असो वा सामुदायिक निधी. नेपियरने १८८४ च्या अहवालात गावाला जी ओळख देऊ केली होती, तिचा मसुदा नव्याने लिहिण्याची गरजही पडणार नाही.